दोन दिवस राहिलेली प्लेट

संडासाच्या दारावर दोनदा टकटक झाली. दोनदा म्हणजे ‘चला, निघा’. एकदा म्हणजे ‘थांबा’. घरात हे सगळ्यांना पाठ होतं, कारण वन्संनी सव्वीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली होती, आणि निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी घंटीची दोरी काही त्यांच्या हातातून सुटली नव्हती.

आत बाई होत्या. त्यांनी घाईघाईनं पाणी ओतलं, पदर सावरला आणि कडी काढली. समोर वन्सं भिंतीला एक हात टेकून, ओठ आवळून उभ्या होत्या. उजाडल्यापासूनची ही त्यांची चौथी फेरी. त्या आत शिरल्या, आणि बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली छोटी बाटली होती.

“घे,” त्या म्हणाल्या. “दोनदा धुऊन दिलंय. साबण लावून. तिसऱ्यांदा धुवायचं असेल तर तूच ये आत.”

बाईंनी बाटली घेतली. ती आपल्या पिशवीत ठेवली. पलीकडच्या खुर्चीत बाईंचे यजमान, म्हणजे वन्संचे धाकटे भाऊ, पेपरमागे होते. या दोघींच्या मधला थांबा म्हणजे तो पेपर. तिथं कुणी चढत नसे, कुणी उतरत नसे.

बाई म्हणजे वन्संची भावजय. मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लघवीच्या तपासणीचं टेबल एकतीस वर्षं त्यांच्याकडे होतं. तिथं त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. घरात वन्संनी त्यांचं नाव ‘बाटलीबाई’ ठेवलं होतं. लग्न होऊन घरात आल्याच्या पहिल्याच आठवड्यात वन्सं सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, की दिवसभर लोकांच्या बाटल्या हुंगणारीच्या हातचं जेवणार कोण. त्यानंतर सगळा जन्म त्या बाईंच्याच हातचं जेवल्या, आणि वर मीठ कमी आहे म्हणाल्या.

साबणाच्या टोमण्यामागं कारण होतं. ते कळायला या कामाची रीत एकदा सावकाश समजून घ्यायला हवी.

लघवीची बाटली आली, की तिच्यातला एक थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचा. दुसरा थेंब तारेच्या कड्यावर घ्यायचा आणि प्लेटवर रेघा ओढायच्या. ही प्लेट म्हणजे तळहाताएवढी, झाकण असलेली ताटली. तिच्यात खळीसारखं घट्ट झालेलं जंतूंचं खाणं असतं. अशा प्लेटा अंगाच्या उबेइतक्या गरम कपाटात ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडायचं. जंतू असले तर ठिपके उठलेले दिसतात, आणि एकेका ठिपक्यात लाखो जंतूंचं गाव असतं. मग त्या जंतूचं नाव शोधायचं, तो कुठल्या औषधाला दाद देतो ते बघायचं आणि रिपोर्ट लिहायचा. ठिपके नसले तर लिहायचं ‘नो ग्रोथ’, म्हणजे काही उगवलं नाही, आणि प्लेट भट्टीच्या डब्यात टाकायची. हे सगळं दहाच्या आत, कारण दहानंतर नव्या शंभर बाटल्या दारात उभ्या. कपाट एकच. कालच्यांनी उठल्याशिवाय आजच्यांना जागा नाही.

वन्संना जळजळ सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. दर अर्ध्या तासाला जावं लागे. रात्री तर अंथरूण आणि संडास यांच्यामध्येच त्यांची ड्यूटी असे. पहिली बाटली बाईंनी स्वतः नेली. रिपोर्ट आला : नो ग्रोथ. तो त्यांनी जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवला. आवाज अगदी सपाट ठेवला होता. पण सपाट आवाजातूनही माणसाला हवं ते पोचवता येतं, आणि वन्संना ते पोचलं. त्या पानावरून उठून गेल्या. त्या दिवशी बाईंना, खोटं कशाला बोला, थोडं बरं वाटलं होतं.

दुसरा रिपोर्टही तसाच. घरच्या डॉक्टरांनी अंदाजानं गोळ्या दिल्या, त्या संपल्या, मग दुसऱ्या दिल्या. नंतर ते वय म्हणाले, मग मन म्हणाले, आणि शेवटी झोपेची गोळी लिहून मोकळे झाले. तिसऱ्या वेळी मायक्रोस्कोपखाली बाईंना पुवाच्या पेशी दिसल्या, भरपूर, आणि त्यांच्यामध्ये काही बारीक, जराशा वाकड्या काड्या. मोडक्या काडेपेटीतून सांडाव्यात तशा. पण प्लेटवर सकाळी काही नाही. असल्या काड्या माणसाच्या कातडीवर असतातच, हे प्रयोगशाळेतलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे नमुना घेताना स्वच्छता पाळलेली नाही. बाईंनी शिरस्त्याप्रमाणे लिहिलं : ‘नमुना नीट घेतलेला नाही. पुन्हा पाठवावा.’ आणि खाली सही केली.

वन्संनी तो कागद स्वतः वाचला. चष्मा लावून, दोनदा.

“अडुसष्ट वर्षांची झाले मी,” त्या म्हणाल्या होत्या. “मला धुवायला शिकवतेस?”

त्यानंतर आठ महिने त्यांनी बाटली दिली नाही. निवृत्त कंडक्टरांची दर महिन्याला बैठक असे, तिथं जाणं सोडलं. मावसबहिणीकडे जाणं सोडलं. पूर्वी त्यांना शहरातले सगळे थांबे पाठ होते, आता सगळे संडास पाठ झाले, आणि हळूहळू त्या दोन संडासांमधलं अंतरही त्यांना झेपेनासं झालं. एकदा त्या भावाला म्हणत होत्या ते बाईंनी ऐकलं. चालत्या नोकरीत मी सहा-सहा तास दाबून धरायचे, पाण्याचा घोट घेत नव्हते, कारण पाणी प्यालं की उतरावं लागतं आणि कंडक्टर उतरला की बस थांबते. तेव्हा धरलेलं आता सगळं वसूल होतंय, असं त्या म्हणाल्या आणि हसल्या. पेपर हलला नाही.

शेवटी भावानंच पहिल्यांदा तोंड उघडलं आणि वन्संना चौथ्यांदा बाटली द्यायला लावली. संडासाच्या दारात बाईंच्या हातात आलेली ती हीच, शनिवारची बाटली.

शनिवारी प्रयोगशाळेत अर्धं मनुष्यबळ नव्हतं. सोमवारी मतदान, त्यामुळे भांडारवाला मतदानाच्या ड्यूटीवर गेला होता आणि किल्ली त्याच्या खिशात. लघवीसाठीच्या हिरवट प्लेटा संध्याकाळी संपल्या, तेव्हा दोन बाटल्या बाकी होत्या. त्यातली एक वन्संची. बाईंनी इकडंतिकडं पाहिलं आणि दोन लाल प्लेटा उचलल्या. लाल प्लेटांमध्ये रक्त मिसळलेलं असतं आणि त्या घशाच्या नमुन्यांसाठी ठेवलेल्या असतात. लघवीला त्या वापरत नाहीत, पण वेळ भागते. बाईंनी रेघा ओढल्या, झाकणावर नंबर घातले आणि घशाच्या सात प्लेटांखाली या दोन ठेवल्या.

आता इथं एक गंमत झाली. एकतीस वर्षं जो हात लाल प्लेट दिसली की ती मोठ्या काचेच्या बरणीत ठेवतो, त्या हातानं त्याही दिवशी तेच केलं. बरणीची युक्ती जुनी आहे. प्लेटांच्या उतरंडीवर एक छोटी मेणबत्ती पेटवून ठेवायची आणि झाकण घट्ट लावायचं. आतली हवा खाऊन खाऊन मेणबत्ती आपोआप विझते, आणि मागं उरते कोंडलेली, जड हवा. घशातल्या काही जंतूंना ती मानवते. लघवीच्या जंतूंना तिची गरज नाही, असं सगळे धरून चालले होते. बाईंनी काडी ओढली, झाकण फिरवलं, ज्योत विझेपर्यंत बघितलं आणि बरणी कपाटात ठेवून घरी गेल्या.

रविवारची सुटी गेली. सोमवारी मतदान झालं. सुटीच्या ड्यूटीला जो गडी होता त्यानं हिरव्या प्लेटा वाचल्या, टाकल्या, आणि बरणीवर चिठ्ठी चिकटवली : ‘लाल प्लेटा बाई बघतील. मी हात लावलेला नाही.’ या आळसाबद्दल त्याला एरवी बोलणी बसली असती.

मंगळवारी सकाळी बाईंनी बरणी उघडली. घशाच्या प्लेटा बाजूला ठेवल्या. पुढची प्लेट हातात घेतली आणि त्यांना वाटलं, झाकणावर धूळ बसलीय. बोटानं पुसलं. धूळ आत होती. पोळपाटावर उरलेलं पीठ झटकावं तसे करडे ठिपके रेघांवर पडलेले होते. सुईच्या टोकाएवढेसुद्धा नाहीत. तीन दिवस राहिलेली प्लेट, कातडीवरची घाण उगवली असणार. बाईंनी पायानं भट्टीच्या डब्याचा खटका दाबला. झाकण वर झालं. हात डब्यावर गेला, आणि झाकणावरचा नंबर दिसला. अक्षर त्यांचंच होतं. वन्संचा नंबर.

पाय खटक्यावर तसाच राहिला. ही लघवीची प्लेट लाल का, हे आधी आठवेना. मग आठवलं, आणि लाल प्लेट बरणीत का गेली तेही. आपल्याच हाताचं हसू आलं. हसता हसता त्यांनी सुईनं एक ठिपका उचलला, पट्टीवर पसरला, रंगवला आणि मायक्रोस्कोपखाली धरला.

काड्या. बारीक, जराशा वाकड्या. तिसऱ्या बाटलीत दिसल्या होत्या त्याच, पण आता दुसरं काहीच नव्हतं. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत काड्यांनी भरलेली होती.

प्रयोगशाळेत सहा महिन्यांपूर्वी एक मशीन आलं होतं. पोलादी पट्टीवर ठिपक्याचा कण ठेवायचा, आत प्रकाशाचा झोत त्याच्या ठिकऱ्या उडवतो, मशीन त्या ठिकऱ्या तोलतं आणि त्यावरून जंतूचं नाव सांगतं. जिन्यावरच्या पावलांवरून आपण घरातलं माणूस ओळखतो, तसं. पूर्वी दोन दिवस खाणारं काम आता काही मिनिटांत होई. पण मशीनला ठिपका नेऊन द्यावा लागतो. जे उगवलंच नाही, त्याला ते तरी काय ओळखणार?

पडद्यावर हिरवी पट्टी आली आणि नाव उमटलं : ॲक्टिनोटिग्नम. एकतीस वर्षांत बाईंनी ते ऐकलं नव्हतं. त्यांनी ते कागदावर एकेक अक्षर लावून उतरवलं आणि संगणकावर शोधलं. चष्म्याच्या काचा पुसून पुन्हा वाचलं. या जंतूची ओळख अलीकडचीच. वयस्कर माणसांच्या मूत्रमार्गात घर करतो. मोकळ्या हवेत वाढत नाही, वाढायला दोन दिवस घेतो, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत सापडत नाही. सापडला तरी कातडीवरचा समजून सोडून देतात. लघवीच्या त्रासावर एरवी ज्या दोन गोळ्या देतात, त्यांना तो बहुधा जुमानत नाही. पेनिसिलिनच्या घराण्यातलं साधं, जुनं औषध मात्र त्याला पुरतं.

वन्संना त्या दोन्ही गोळ्या देऊन झाल्या होत्या. आलटून पालटून, दोन वर्षं.

बाई प्लेट घेऊन प्रयोगशाळेच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर वयानं लहान, भला माणूस. त्यांनी प्लेट उजेडात धरली, नाव वाचलं, आणि आपणही हे पुस्तकातच पाहिलंय असं कबूल केलं. पण एकाच प्लेटवर, तीन दिवसांनी, तेही चुकून. बाटलीतून आलं असेल, हातातून आलं असेल. पुन्हा नमुना घ्या, पुन्हा बरणीत ठेवा, पुन्हा तेच उगवलं तर मी स्वतः सही करतो, असं ते म्हणाले. त्यात काही चूक नव्हती. बाईंनीही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं. एकदा दिसलं ते दिसलं नाही असं धरायचं, दुसऱ्यांदा दिसलं तर बोलायचं. याच शिस्तीवर त्यांची सगळी नोकरी उभी होती.

संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा वन्सं दोन पांघरुणं घेऊन पडल्या होत्या. दात वाजत होते. पाठीत, बरगड्यांच्या खाली, हात लावू देत नव्हत्या. बाईंनी कपाळाला हात लावला आणि तो लगेच मागं घेतला, इतकं ते तापलं होतं.

“वन्सं, अजून एकदा बाटली हवी.”

वन्संनी डोळे उघडले. “का? पुन्हा घाण निघाली?”

“नाही.”

“मग काय निघालं?”

इथं बाईंना बोलायचं होतं. तुमचं खरं होतं, हे तीन शब्द ओठांवर आले होते. पण डॉक्टरांचं म्हणणं कानात होतं, आणि त्याहून जुनी, स्वतःच्या हाडात मुरलेली सवय होती. पक्कं झाल्याशिवाय रिपोर्ट सांगायचा नाही. नातेवाइकांना तर मुळीच नाही.

“अजून पक्कं नाही,” त्या म्हणाल्या. “दोन दिवसांनी सांगते.”

वन्संनी भिंतीकडे तोंड फिरवलं. “म्हणजे नाहीच निघालं,” त्या म्हणाल्या. नंतर भावाचा आणि भावजयीचा आधार घेऊन त्या उठल्या, आणि संडासाच्या दारात पोचल्यावर रिकाम्या खोलीवर सवयीनं दोनदा टकटक केली.

बाई ती बाटली घेऊन त्याच पावली प्रयोगशाळेत परतल्या. लाल प्लेट, बरणी, मेणबत्ती. ज्योत लहान होत गेली, निळी झाली, विझली. त्यांनी झाकणावर तारीख आणि वेळ घातली. आता अठ्ठेचाळीस तास. याआधी हजारो प्लेटा त्यांनी चोवीस तासांत उठवल्या होत्या. या एका प्लेटला घाई करता येत नव्हती.

बुधवारी पहाटे वन्सं भावाला ‘पुढं सरका’ म्हणू लागल्या. सकाळी त्यांना बाईंच्याच रुग्णालयात, वरच्या मजल्यावर दाखल केलं. वॉर्डातल्या डॉक्टर तरुण होत्या आणि दोन दिवस झोपलेल्या दिसत नव्हत्या. त्यांनी नेहमीचं औषध शिरेतून सुरू केलं, त्या दोन गोळ्यांपैकी एकीचं. बाईंनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की याचा उपयोग व्हायचा नाही. जंतू वेगळा आहे, औषध जुनं लागेल. डॉक्टरांनी नाव विचारलं. बाईंनी सांगितलं. डॉक्टरांनी ते संगणकाच्या यादीत शोधलं. यादीत ते नाव नव्हतं. मग त्यांनी वन्संचे जुने रिपोर्ट उघडले.

“तुमच्याच लॅबचे आहेत ना हे, बाई?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. “दोनदा नो ग्रोथ. एकदा नमुनाच चुकीचा. खाली सही कुणाची आहे?”

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. सही ठसठशीत होती. तरुणपणी त्यांना तिचा अभिमान वाटे.

“माझी,” त्या म्हणाल्या.

“मग मी काय करू सांगा. नवा रिपोर्ट येऊ दे, लगेच बदलते.”

बाई खाली आल्या. प्रयोगशाळेच्या डॉक्टरांना भेटायला गेल्या, तर ते दिवसभराच्या बैठकीसाठी बाहेरगावी. फोन लागला तो संध्याकाळी, त्यांनी वॉर्डाशी बोलतो म्हटलं, आणि बोललेही. पण ज्या डॉक्टरांशी बोलायचं त्यांची पाळी संपली होती आणि निरोप वहीत राहिला. कुणाची चूक म्हणावी? सगळे आपापल्या जागी आपापलं काम करत होते. दिवसातून सहा वेळा बाई कपाटाशी जाऊन उभ्या राहिल्या. काचेच्या दारातून बरणी दिसे, बरणीच्या काचेतून प्लेटा दिसत, पण ठिपके दिसत नसत. उघडावं तर हवा आत जाणार. न उघडावं तर वर ताप चढत होता. आपल्या हातात जे काही होतं ते एवढंच, की हात लावायचा नाही.

गुरुवारी दुपारी, चव्वेचाळिसाव्या तासाला, प्रयोगशाळेचे डॉक्टरच म्हणाले, की उघडा. पीठ पडलेलं होतं. तेच करडं, बारीक पीठ. मशीननं तेच नाव सांगितलं. डॉक्टर जिना चढून स्वतः वर गेले आणि उभ्या उभ्या औषध बदलून आले. बाईंनी रिपोर्ट लिहिला. संगणक ते नाव घेईना, म्हणून हातानं लिहिला, डॉक्टरांची सही घेतली, खाली आपली केली. हातात कागद घेऊन त्या वर गेल्या. वन्सं छताकडे बघत होत्या.

“वन्सं, पक्कं झालं.”

वन्संनी मान वळवली, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “जागा नाही हो आत. मागच्या गाडीनं या.”

औषध लागू पडलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. जळजळ थांबली. एक मूत्रपिंड कामातून गेलं, पण दुसरं तग धरून होतं. वॉर्डातल्या डॉक्टर बाईंचा हात धरून म्हणाल्या, की तुम्ही होतात म्हणून निदान कळलं. डोकं हळूहळू येईल जाग्यावर, असं सगळे म्हणत राहिले. पण त्या तापात वन्सं मधल्याच कुठल्यातरी थांब्यावर उतरून गेल्या होत्या, आणि बस पुढं आली होती.

इकडं प्रयोगशाळेत एक बदल झाला. ज्या नमुन्यात पुवाच्या पेशी दिसतात आणि चोवीस तासांत काही उगवत नाही, तो लाल प्लेटवर ओढून बरणीत दोन दिवस ठेवायला डॉक्टरांनी परवानगी दिली. यादीत नाव घालण्यासाठी अर्ज गेला. दुसरं कपाट मागितलं, तोही अर्ज गेला. तोवर जागा होती आणखी दोन बरण्यांची, आज एक भरायची, उद्या दुसरी, आणि एका बरणीत प्लेटा मावत दहा. रोज असे नमुने निघत पंचवीस-तीस. मग रोज सकाळी बाई ते ओळीनं मांडत आणि दहा निवडत. वय बघत, पेशी मोजत, काड्या शोधत. अकरावी प्लेट हातात घेऊन त्या कधी कधी बराच वेळ उभ्या राहत. मग ती डब्यात जाई, आणि रिपोर्टवर लिहिलं जाई, नो ग्रोथ. उरलेल्यांतल्या कुणाच्या घरी कोण भिंतीला हात टेकून उभं आहे, ते कळायला मार्ग नव्हता.

वन्सं घरी आल्या त्याला तीन आठवडे झाले. त्या आता कुणाला टोमणा मारत नसत. मिठाबद्दल बोलत नसत. पानात पडेल ते खात आणि बाईंना ‘अहो, तुम्ही’ करत. संडासाचं दार लागलेलं असलं तर टकटक न करता दाराशी नुसत्या उभ्या राहत, आणि कधी कधी तिथंच लुगडं भिजे. बाईंना आत गेलं की स्वस्थ बसवेना. पाणी ओतता ओतता त्या दोन ठोके ऐकू येतात का ते ऐकत.

एका रविवारी दुपारी बाई तो हातानं लिहिलेला रिपोर्ट घेऊन त्यांच्यासमोर बसल्या. प्रत फाइलला लावायला उद्या न्यायची होती. वन्सं खिडकीपाशी खुर्चीत होत्या. मांडीवर जुनी चामड्याची पिशवी, आणि हातात तिकिटांना भोक पाडायचा चिमटा. तो त्या दिवसभर वाजवत बसत. पलीकडं पेपर होता. बाईंनी पहिल्यांदाच तो खाली करायला सांगितला. ऐकायला कुणीतरी हवं होतं.

“वन्सं,” त्या म्हणाल्या, “तुमचा नमुना स्वच्छ होता. पहिल्यापासून. चूक माझी होती. जंतू खरा होता, हे त्याचं नाव.” आणि ते अवघड नाव त्यांनी एकेक अक्षर लावून वाचलं. मग खालचं सगळं वाचलं, तारखेपर्यंत. आवाज सपाट ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण या वेळी तो ठेवता आला नाही.

वन्संनी कागद हातात घेतला. पुढून पाहिला, मागून पाहिला. सहीवर बोट फिरवलं.

“कुठं उतरणार?” त्यांनी विचारलं.

बाईंनी यजमानांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

“शेवटच्या थांब्याला,” बाई म्हणाल्या.

वन्संनी मान हलवली. कागदाचा कोपरा चिमट्यात धरला, खटकन भोक पाडलं, आणि बोटांवर पडलेली गोल टिकली फुंकून कागद परत केला.

“जपून ठेवा,” त्या म्हणाल्या. “उतरताना बघतात.”

सोमवारी सकाळी बाईंनी तो रिपोर्ट फाइलला लावला. फाइलला लावायला कागदाला दोन भोकं लागतात. या कागदाला तिसरं होतं. ते का, असं कुणी विचारलं नाही. दहा वाजत आले होते, आणि नव्या बाटल्या दारात उभ्या होत्या.